चार्ज होतो, म्हणून चार्जर चांगला?

पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चार्जर मागितला की आधी प्रश्न येतो, "कंपनीचा देऊ की साधा?" साधा शंभर-सव्वाशेला मिळतो, 'फर्स्ट कॉपी' थोडी महाग आणि 'कंपनीचा' त्याच्या कितीतरी पुढे. तिन्ही पांढरे, तिन्ही गुळगुळीत, तिन्हींवर बारीक अक्षरांत काहीबाही छापलेलं. दुकानदार साधा चार्जर काउंटरवरच्या बोर्डात खोचतो, तुमचाच मोबाइल लावतो आणि स्क्रीनवर बॅटरीचं चित्र भरू लागतं. "बघा, चालू आहे. नंतर बदलून मिळणार नाही." याला बाजारात टेस्टिंग गॅरंटी म्हणतात.

या चाचणीत चार्जरचं सगळ्यांत सोपं काम तेवढं तपासलं जातं. पाच व्होल्ट बाहेर काढणं फार स्वस्तात जमतं. पैसे लागतात ते दुसऱ्याच कामाला: भिंतीतले २३० व्होल्ट आणि तुमचा हात यांची गाठ कधीच पडू द्यायची नाही, चार्जर आतून जळाला तरी नाही. ते काम नीट केलंय की नाही, हे मोबाइल चार्ज करून कळत नाही. वर्षभर रोज वापरूनही कळत नाही. म्हणून "माझा तर दोन वर्षं मस्त चाललाय" या अनुभवाला या बाबतीत फारसं वजन नाही.

आत काय असतं ते आधी पाहू. खरं तर भिंतीत लावतो तो ठोकळा चार्जर नव्हेच, तो अडॅप्टर. बॅटरीत किती करंट सोडायचा, कधी थांबायचं, हे ठरवणारी चिप मोबाइलच्या पोटात असते. लिथियम-आयन सेलला साधारण ४.२ ते ४.४५ व्होल्टच्या आसपास थांबवावं लागतं आणि तो हिशोब मोबाइल स्वतः ठेवतो. स्वस्त अडॅप्टर लावला की बॅटरी लगेच फुगते, असं जे सांगतात ते म्हणूनच पुरतं खरं नाही. अडॅप्टरने ठरलेलं व्होल्टेज स्वच्छ आणि स्थिर द्यावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. तरी बोलीत सगळे चार्जरच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

जुन्या रेडिओ-कॅसेट प्लेअरचे अडॅप्टर आठवतात? पाव किलोचे, बोर्डातून निसटून पडणारे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि तेवढ्या संथ चालीवर व्होल्टेज उतरवायचं तर लोखंडी पट्ट्यांचा जाडजूड ट्रान्सफॉर्मर लागतो. विहिरीवरून ठरावीक पाणी आणायचं आणि खेपा मोजक्याच असतील तर हंडा लागतो. खेपा हजारपट वाढवल्या तर तांब्यानेही भागतं. आजच्या चार्जरने तेच केलं. तो आधी घरातली एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारी, वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, करून घेतो. २३० हा लाटेचा परिणामी आकडा, माथा ३२५ व्होल्टला असतो, त्यामुळे आतल्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट साठतात. एक ट्रान्झिस्टर ही वीज सेकंदाला हजारो वेळा, कधी लाखभर वेळा, तोडत-जोडत इवल्याशा ट्रान्सफॉर्मरमध्ये सोडतो. पलीकडून निघते ती वीज पुन्हा डीसी करून, गाळून, पाच व्होल्टवर मोबाइलकडे जाते.

म्हणजे काड्यापेटीएवढ्या डबीत एका बाजूला सव्वातीनशे व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला पाच. दोन बाजूंना जोडणारा एकही तांब्याचा धागा असता कामा नये. ऊर्जा पलीकडे जायची ती फक्त ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकत्वातून. पलीकडचं व्होल्टेज वाढलं की कमी झालं, ही खबर चांगल्या चार्जरमध्ये बहुधा प्रकाशाने परत येते. ऑप्टोकपलर नावाच्या चार पायांच्या काळ्या तुकड्यात एक छोटा एलईडी आणि समोर प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर असतो. निरोप पोचतो, वीज पोचत नाही. (काही नव्या चिपा अलीकडच्या बाजूनेच अंदाज घेतात, त्यामुळे ऑप्टोकपलर दिसला नाही म्हणजे माल रद्दी, असं नाही.)

आता असा एक साधा चार्जर माझ्यासमोर टेबलावर उघडा पडलाय. तुम्ही हे घरी करू नका. प्लग काढल्यावरही तो मोठा कॅपॅसिटर काही वेळ भरलेला राहू शकतो. स्क्रू नाहीत, डबी गोंदावर होती, कटरच्या टोकाने उकलली. पिनांपासून आतल्या सर्किट बोर्डापर्यंत दोन केसासारख्या वायरी. बोर्ड तपकिरी, दाबलेल्या कागदाचा. एसीची डीसी करायला वीज एकाच दिशेने जाऊ देणारे चार डायोड हवेत, इथे एक. एकाने अर्धीच लाट वापरली जाते आणि कॅपॅसिटरवर ताण वाढतो. चिप नाही, '१३००१' छापलेला तीन पायांचा ट्रान्झिस्टर आहे आणि तोच कसाबसा आपल्या आपण धडधडत सगळं चालवतो. व्होल्टेज सांभाळायला एक झेनर डायोड. फ्यूज नाही. फ्यूजऐवजी जळून तुटणारा खास रेझिस्टरही चालतो, तोही नाही. त्या जागी सरळ वायरचा तुकडा डाग देऊन टाकलाय.

बोर्ड उलटा केला की खरी गंमत. सव्वातीनशे व्होल्टची पट्टी आणि पाच व्होल्टची पट्टी यांच्यामध्ये एक मिलिमीटरही अंतर नाही, आणि नेमक्या त्याच जागी सोल्डरचा एक थेंब फुगून बाहेर आलाय. सुरक्षेच्या मानकांप्रमाणे २३० व्होल्टच्या अशा उपकरणात बोर्डावरून हे अंतर साधारण पाच-सहा मिलिमीटर लागतं. एवढं कशाला, कारण बोर्डावर धूळ बसते, दमट हवेत ती ओली होते आणि ओली धूळ वीज वाहून नेते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. शेजारी ठेवलेल्या चांगल्या चार्जरच्या बोर्डावर दोन बाजूंच्या मधोमध चक्क एक खाच कापलीय. धुळीने पूल बांधायचा म्हटला तरी जमीनच ठेवलेली नाही.

ट्रान्सफॉर्मरचं तसंच. चांगल्यात पलीकडच्या वेढ्यांची वायर तिहेरी इन्सुलेशनची असते, वर पिवळ्या टेपचे थर, आणि तयार झाल्यावर दोन बाजूंमध्ये ३,००० व्होल्ट लावून बघतात की टिकतो का. माझ्या टेबलावरच्या साध्यात टेपचा एकच वेढा, आणि आत दोन्हीकडे साधी इनॅमलची, म्हणजे नुसत्या पातळ लेपाची, वायर, पंख्याच्या मोटरमध्ये असते तसली. ट्रान्सफॉर्मर तापला, इनॅमल करपलं आणि दोन वेढे एकमेकांना टेकले, की यूएसबीच्या टोकाला घरची वीज. तेव्हा मोबाइल कानाला असेल, किंवा मुलाच्या मांडीवर धातूच्या पाठीचा टॅब असेल.

हे अगदी क्वचित होतं, हेही खरं. पण होतं. जुलै २०१३ मध्ये चीनमध्ये चार्जिंगला लावलेला आयफोन हाताळताना एका तरुणीचा शॉक बसून मृत्यू झाल्याची बातमी जगभर गाजली आणि संशय बनावट चार्जरवर गेला. पुढच्याच महिन्यात अ‍ॅपलने परका चार्जर जमा करा आणि आमचा १० डॉलरला घ्या, अशी योजना काढली. २०१६ मध्ये यूएल या सुरक्षा-चाचणी करणाऱ्या अमेरिकी संस्थेने अ‍ॅपलच्या नावाने विकले जाणारे ४०० नकली अडॅप्टर तपासले. ९९ टक्क्यांहून जास्त नापास झाले, आणि १२ नगांची बांधणी अशी होती की त्यांतून जीवघेणा शॉक बसू शकला असता. लक्षात घ्या, यातले बहुतेक अडॅप्टर दुकानाच्या काउंटरवर 'चालू आहे' ठरलेच असते.

इथे बरेच जण म्हणतात, "अहो, माझ्या ब्रँडेड चार्जरलाही लावल्यावर मोबाइलच्या कडेला मुंग्या येतात." येतात, आणि त्यात बहुधा घाबरण्यासारखं नसतं. चार्जर दर सेकंदाला हजारो वेळा वीज तोडतो, त्याचा विद्युत गोंगाट दाबायला दोन बाजूंच्या मध्ये मुद्दाम एक अगदी लहान कॅपॅसिटर ठेवतात. त्याला वाय क्लास म्हणतात आणि तो खराब झाला तर शॉर्ट न होता तुटावा अशीच त्याची रचना असते. एक नॅनोफॅरडचा वाय कॅपॅसिटर असेल तर २३० व्होल्टवर त्यातून सुमारे ७० मायक्रोअँपिअर झिरपतात. मर्यादा २५० मायक्रोअँपिअरची आहे. घरातला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, ज्याला आपण ईएलसीबी म्हणत आलो, तो ट्रिप होतो ३० मिलिअँपिअरला, म्हणजे त्या सत्तरच्या चारशेपटीहून अधिक. धातूवरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवली तर जी थरथर जाणवते ती या झिरपणीची. मात्र घट्ट धरल्यावरही स्पष्ट झटका बसत असेल तर तो चार्जर त्याच क्षणी बाद. त्याला हात न लावता आधी बोर्डाचं बटण बंद करा.

गंमत अशी, की सगळ्यांत स्वस्त चार्जरमध्ये कधीकधी मुंग्या येतच नाहीत, कारण दोन-तीन रुपये वाचवायला तो वाय कॅपॅसिटरच टाकलेला नसतो. मग गोंगाट मोबाइलपर्यंत पोचतो. टचस्क्रीन बोटाचा स्पर्श ओळखते ती अतिसूक्ष्म विद्युत बदलांवरून. त्यात हा गोंगाट मिसळला की चार्जिंगला लावल्यावर स्क्रीन वेड्यासारखी वागते, आपोआप अ‍ॅप उघडतात, टायपिंग भलतंच होतं, आणि वायर काढली की सगळं जागेवर. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नेऊन डिस्प्ले बदलायच्या आधी चार्जर बदलून पाहावा. दुसरा एक पर्याय आणखी वाईट असतो: वाय कॅपॅसिटरच्या जागी दिसायला तसाच निळा, चकतीसारखा, साधा सिरॅमिक कॅपॅसिटर. तो शॉर्ट झाला की मधली सगळी भिंत फुकट.

फटाक्यासारखा आवाज होऊन चार्जर मरतो, तेव्हा बहुधा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर गेलेला असतो. आत द्रव असतो, उष्णतेने तो सुकतो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की याचं आयुष्य निम्मं. चांगल्या मालात १०५ अंशांचे कॅपॅसिटर लावतात, स्वस्तात ८५ चे. एप्रिलमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, चार्जर पलंगामागच्या एक्स्टेंशन बोर्डात, वर उशी. बाकी हिशोब तुम्हीच करा.

टॅबवाल्यांची वेगळी तक्रार असते: "रात्रभर लावला, सकाळी चाळीस टक्के." टॅबला साधारण १० वॅट किंवा जास्त लागतात, म्हणजे पाच व्होल्टला दोन अँपिअर. डबीवर '२.१ ए' छापायला शाईशिवाय काही लागत नाही. आतला तो एकटा ट्रान्झिस्टर अर्धा-पाऊण अँपिअरला धापा टाकतो आणि व्होल्टेज बसतं. ते बसलं की शहाणा टॅब स्वतःच कमी ओढतो. शहाणा नसेल तर ओढत राहतो आणि चार्जर इस्त्रीसारखा तापतो.

दोष कधीकधी केबलचाही असतो आणि शिव्या चार्जरला बसतात. बारीक, म्हणजे २८ गेजची तार असेल तर मीटरभर केबलमध्ये जायची-यायची मिळून रोध साधारण ०.४३ ओहम. दोन अँपिअर वाहिले की वाटेतच सुमारे ०.८५ व्होल्ट खलास. पाच निघाले, ४.१५ पोचले. त्याहून जाड, २४ गेजची तार घेतली तर हीच घट ०.३४ वर येते. स्वस्त केबलमध्ये वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनिअम, असंही चालतं, मग घट आणखी वाढते. केबल किती जाड दिसते याला अर्थ नाही. जाड रबरी आवरणाच्या आत दोरा आणि चार केस निघतात.

'६५ वॅट फास्ट चार्जिंग' हे तर संभाषणाचं काम. पाचपेक्षा जास्त व्होल्ट हवे असतील तर मोबाइल आणि चार्जर यांची आधी बोलणी व्हावी लागतात. यूएसबी पॉवर डिलिव्हरी या बोलणीच्या भाषेत ५, ९, १५, २० व्होल्ट अशा पायऱ्या असतात, आणि मोबाइलने मागितल्याशिवाय चार्जर पायरी चढत नाही. काही कंपन्यांची भाषा त्यांची त्यांची. त्यामुळे चांगला, महाग चार्जरही दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलला हळू चार्ज करू शकतो, ती काही फसवणूक नाही. ६० वॅटच्या वर जायचं तर केबलमध्येही ओळख सांगणारी चिप लागते. सव्वाशेच्या चार्जरला यांपैकी एकही भाषा येत नाही. तो डेटाच्या दोन तारा एकमेकींना जोडून ठेवतो, मोबाइलला वाटतं समोर साधा वॉल चार्जर आहे, आणि पाच व्होल्टवर कारभार सुरू.

मग ओळखायचा कसा? वजनावर जाऊ नका. पूर्वी जड म्हणजे चांगला असं थोडंफार खरं होतं, पण गॅलियम नायट्राइडचे नवे चार्जर लहान आणि हलके असूनही उत्तम असतात. एक गाळणी आहे आणि ती सरकारी आहे. २०१२ च्या आदेशाने इलेक्ट्रॉनिक वस्तूंना भारतीय मानक ब्युरोची, म्हणजे बीआयएसची, सक्तीची नोंदणी लागू झाली आणि २०१४ च्या वाढीव यादीत अडॅप्टरही आले. चार्जरवर बीआयएसचं चिन्ह, 'आयएस १३२५२' किंवा त्यानंतरच्या मानकाचा क्रमांक आणि इंग्रजी 'आर' अक्षरापुढे आठ आकडे असायला हवेत. हे आकडे छापणंही शाईचंच काम, म्हणून नुसते पाहून थांबू नका. 'बीआयएस केअर' हे अ‍ॅप मोबाइलवर घ्या आणि तो क्रमांक दुकानातच टाका. कोणत्या कारखान्याच्या, कोणत्या ब्रँडच्या, कोणत्या वस्तूसाठी तो दिलाय हे समोर येतं. क्रमांक खरा पण एलईडी दिव्याचा निघाला, तर दुकानदाराकडे बघून हसा आणि पुढे चला. 'सीई' या खुणेवर भुलू नका. ती युरोपच्या बाजारासाठी बहुतेक वेळा उत्पादकाने स्वतःच केलेली घोषणा असते, तपकीर गल्लीत तिचा उपयोग नक्षीपुरता.

नोंदणीलाही मर्यादा आहे. चाचणी नमुन्याची होते, तुमच्या हातातल्या नगाची नाही. स्वस्त मालाचा मूळ रोग इथेच आहे: साचा एक, डबी एक, आतला बोर्ड मात्र त्या खेपेला जे स्वस्त मिळालं त्याचा. म्हणून मित्राने घेतलेला चांगला निघाला आणि त्याच दुकानातून महिन्याने घेतलेला तुमचा आठवड्यात गेला, यात आश्चर्य नाही. 'फर्स्ट कॉपी'चे जास्तीचे पैसे बहुतेक वेळा छपाईला आणि खोक्याला गेलेले असतात. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातले वापरलेले ओरिजिनल चार्जर मला त्यापेक्षा कमी धोक्याचे वाटतात, पण त्यांच्या कॅपॅसिटरचं वय कोण सांगणार, म्हणून तेही नकोच.

२०२० मध्ये आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर गायब झाला, मग इतरांनीही तोच कित्ता गिरवला, आणि हा प्रश्न महागडे मोबाइल घेणाऱ्यांच्याही दारात आला. ऐंशी हजारांच्या मोबाइलला दीडशेचा चार्जर लावणारे लोक मी पाहिलेत, आणि त्याच मोबाइलला पाचशेचं कव्हर.

घरचा बोर्डही तपासा. आपल्या सॉकेटची भोकं जाड पिनांसाठीही बनवलेली असतात, चार्जरच्या पिना चार मिलिमीटरच्या, आणि स्वस्त मालात त्याहून बारीक. पेठेतल्या जुन्या वाड्यांत आतली पितळी पात सैल झालेली असते. पिन डुगडुगते, ठिणग्या उडतात, तिथेच उष्णता होते आणि चार्जरचं प्लॅस्टिक पिनेपाशी पिवळं पडतं. असा डाग दिसला तर सॉकेट आणि चार्जर दोन्ही बदला. आरसीसीबी नसेल तर वायरमनकडून बसवून घ्या. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं, त्यामुळे वीज तुमच्यातून जमिनीत जाऊ लागली तरच तो ट्रिप होईल, पण होईल.

आणि बिल घ्या. "बिल लागेल तर जीएसटी वेगळा" हे ऐकूनही घ्या. बिल असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि नोंदणी क्रमांक खोटा असेल तर बीआयएस केअर अ‍ॅपमध्येच तक्रारीची सोय आहे. चार्जरचा फोटो, क्रमांक आणि दुकानाचं नाव, एवढं पुरतं.